पाऊण अँपिअर

त्या शनिवारी दुपारी मी मुलुंडला निघाले, तेव्हा पिशवीत मीटर, पान्यांचा संच, डिस्टिल्ड वॉटरच्या दोन बाटल्या आणि मम्मीने दिलेला डबा होता. तक्रार साधी होती. गाडी प्लगला लावलेली असते, तरी बॅटरी उतरते. अशा तक्रारीत दहातल्या नऊ वेळा वायर बारीक निघते आणि दहाव्या वेळी प्लगचं बटणच बंद असतं. मनातल्या मनात मी पाच वाजता घरी पोचलेसुद्धा होते.

मी किम्बर्ली. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा गाळा आहे. माझे पप्पा, जेफ्री, मनोरीला मच्छीमार बोटींचं वायरिंग करायचे. आता गुडघ्यांनी दगा दिलाय म्हणून घरी बसून मला फोनवर सल्ले देतात. त्यांच्या हाताखाली मी बोटी शिकले आणि बोटींवरून मोटरहोमवर आले. म्हणजे ज्या गाडीत झोपायला बिछाने, स्वयंपाकाला ओटा आणि एक छोटा फ्रिज असतो, ती गाडी. बोट आणि मोटरहोम, दोघांचं दुखणं एकच. बोट धक्क्याला लागली की किनाऱ्यावरून वायर ओढून वीज घेते, त्याला आम्ही शोअर पॉवर म्हणतो. गाडीवाल्यांनी तोच शब्द उचलला. मग किनारा म्हणजे सोसायटीच्या पंपरूममधला प्लग का असेना.

कांजूरमार्गच्या कचराडेपोचा नेहमीचा वास नाकात घेऊन मी स्कूटरने मुलुंडला पोचले. सोसायटी पश्चिमेला, अगदी डोंगराच्या कडेला. पुढच्या बाजूला रस्ता, दुकानं, रिक्षा. पण बिल्डिंगला वळसा घालून मागे गेलं की सगळा आवाज कुणीतरी बटण दाबून बंद केल्यासारखा थांबतो. पंपरूम, कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे झाडी. ऑक्टोबरचं ऊन होतं, तरी तिथे सावली ओलसर होती. त्या सावलीत ती पांढरी गाडी उभी होती.

नंदकुमारकाका हाफ पँट आणि टोपी घालून माझी वाट बघत होते. ड्रॉइंग ऑफिसात सदतीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस. आता नकाशावरच्या जागा बघायच्या, असं त्यांचं ठरलेलं होतं.

"शुभा, इलेक्ट्रिशियन आल्या गं," त्यांनी वर बघून हाक मारली.

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून काकू डोकावल्या. "येते. तोवर तिला भाषण देऊ नका."

शुभाकाकू कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. खाली आल्या आणि पाच मिनिटांत त्यांनी सगळी केस मला सांगितली, अगदी मुद्देसूद. काकांना झोपेत श्वास अडकायचा आजार आहे. रात्री नाकावर मास्क लावून झोपावं लागतं, त्याला एक छोटं मशीन असतं, ते हवा आत ढकलत राहतं. घरी मशीन भिंतीच्या प्लगवर चालतं, गाडीत बॅटरीवर. गाडी घेतल्यावर पहिल्याच ट्रिपला, आंबोलीच्या अलीकडे, पहाटे बॅटरी संपली आणि मशीन बंद पडलं.

"मला जाग आली ती शांततेने," काकू म्हणाल्या. "हे घोरत नव्हते. श्वासच नव्हता. मी हलवत होते आणि मोजत होते. सतरापर्यंत मोजलं."

"मग मी उठलो आणि चहा मागितला," काका म्हणाले.

"हसू नका. किम्बर्ली, परवा सोमवारी आम्हाला निघायचंय. आज हे सुटलं नाही, तर सोमवारी मी गाडी विकायला काढणार. यांना सांगून ठेवलंय."

काका हसायचे थांबले आणि त्यांनी गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला. तेवढ्यावरून मला कळलं, की आजचं काम फक्त बॅटरीचं नाही.

सुरुवात झकास झाली. पंपरूमच्या प्लगवर मीटर लावला, दोनशे अठ्ठावीस व्होल्ट. उत्तम. तीच वीज गाडीपर्यंत पोचताना, चार्जर चालू असताना, एकशे बहात्तर. मधे काय होतं, तर रिळावर गच्च गुंडाळलेली पंचवीस मीटरची बारीक वायर. रिळाला हात लावला तर इस्त्रीसारखं गरम. शिवाय प्लगच्या अर्थिंगच्या पिनेला मागे वायरच जोडलेली नव्हती.

"म्हणजे इतके दिवस गाडीला शॉक लागू शकत होता?" काकूंनी विचारलं.

"गाडीला नाही काकू. तुम्हाला."

काकूंनी काकांकडे बघितलं. काकांनी पंपरूमकडे बघितलं.

मी माझी जाड वायर टाकली, अर्थिंग जोडलं, टेस्ट लॅम्प लावून खात्री केली. मग बॅटरी. मागच्या बिछान्याखालच्या पेटीत दीडशे अँपिअर-अवरची मोठी बॅटरी होती. टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशी चढलेली, पाणी प्लेटच्या खाली गेलेलं. गरम पाणी आणि खायचा सोडा हवा म्हटल्यावर काकू एकदम वीस वर्षांनी लहान झाल्या. वरून पातेलं घेऊन आल्या आणि स्वतःच टर्मिनलवर ओतायला लागल्या. फस्स करून फेस आला.

"बघा, ॲसिड आणि बायकार्बोनेट," त्या काकांना म्हणाल्या. "बाहेर येतो तो कार्बन डायऑक्साइड."

"लग्नाच्या पहिल्या वर्षीही हिने मला हेच दाखवलं होतं," काका मला म्हणाले.

पाणी भरलं, टर्मिनल घासून घट्ट केले, चार्जर लावला. चौदा पूर्णांक चार व्होल्ट. बॅटरी करंट खाऊ लागली. आम्ही तिघांनी मम्मीच्या डब्यातले फुगे संपवले. फुगे म्हणजे आमच्याकडचे गोल, तळलेले, गोडसर पाव. काकूंनी रेसिपी लिहून घेतली. साडेतीन वाजले होते. मी हात पुसले.

"एक शेवटचं बघते," मी म्हणाले. "सगळं बंद असताना कोणी गुपचूप करंट पीत नाही ना, तेवढं."

ते बघितलं नसतं, तर मी खरंच पाचला घरी असते.

हे तपासायचं तर बाहेरची लाइन काढायची, आतले दिवे, पंखा, फ्रिज सगळं बंद करायचं. दार उघडलं की दारावरचा दिवा लागतो, म्हणून दारही लावून घ्यायचं. पडदे आधीपासूनच ओढलेले होते. आम्ही तिघं आत, दार बंद. दुपार असूनही गाडीत संध्याकाळ झाल्यासारखी झाली. मी बिछान्याची फळी उचलून गुडघ्यावर बसले आणि बॅटरीच्या केबलला मीटरचा चिमटा लावला.

शून्य यायला हवं होतं. फार तर शून्याच्या जरा वर. आलं पाऊण अँपिअर.

"फार आहे का?" काकांनी विचारलं.

"दिवसाला अठरा अँपिअर-अवर. आठवडाभरात तुमची अख्खी बॅटरी रिकामी. हाच तुमचा चोर."

मी खुशीत होते. चोर आहे हे कळलं की पकडणं सोपं असतं. एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या लाइनवर चोर. पहिला फ्यूज काढला. पाऊण. दुसरा. पाऊण. आठही फ्यूज काढून माझ्या मांडीवर ठेवले. पाऊण.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आकडा पाऊणवर स्थिर नाहीये. तो वर जात होता, सावकाश, एकपर्यंत. मग खाली उतरत होता, अर्ध्यापर्यंत. परत वर. परत खाली. फ्रिज असा खात नाही. दिवा असा खात नाही. बोटीवरचं कुठलंही यंत्र असं खात नाही.

काका माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "हे... माझं मशीन असंच करतं."

"म्हणजे?"

"श्वास आत घेतला की मशीन जोर लावतं. सोडला की कमी करतं. त्याच्या पडद्यावर अशीच रेघ वर-खाली जाते."

"तुमचं मशीन कुठे आहे काका?"

"वर. बेडरूममध्ये. खोक्यात."

मी मनगटावरचं घड्याळ आकड्याशेजारी धरलं. वर, खाली. मिनिटाला चौदा वेळा. मी माझा श्वास मोजायला गेले आणि तो कधीच अडकलेला होता.

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि आम्ही तिघंही उडालो. वॉचमन धोंडू होता. पन्नाशी पार केलेला, कुडाळकडचा माणूस, हातात चहाची किटली. सोसायटीत कुणाकडे काम निघालं की चहा त्याच्याकडून. त्याने आत डोकावलं, काका-काकूंना एकत्र बसलेलं बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"मिटला काय भांडाण? बरां झालां," तो म्हणाला.

"कसलं भांडण?" काकू.

धोंडू ओशाळला. "नाय, माका वाटलां तुमचां बिनसलां. दोन म्हयने काका दुपारचे हयसर गाडीत निजतत. घोरण्याचो आवाज माज्या पंपरूमात येता. मी कित्याक इचारू? नवरा-बायलेच्या भांडणात आपण कशाक?"

दोन महिने हा भला माणूस सोसायटीभर कुणाला काही बोलला नव्हता. उलट दुपारी पंपाचा आवाज होऊ नये म्हणून टाकी सकाळीच भरत होता.

काका म्हणाले, "धोंडू, मी या कंपाउंडमध्ये गाडीत कधीच झोपलो नाही रे."

धोंडूने काकांकडे बघितलं, मग त्यांच्या मागच्या अंधाराकडे. किटली पायरीवर ठेवली आणि पंपरूमकडे नाही, तर पुढच्या गेटकडे निघून गेला.

आता खरं सांगते. त्या क्षणी मला भीतीपेक्षा राग आला होता. करंट हवेत जात नाही, हे पप्पांनी मला दहाव्या वर्षी शिकवलंय. करंट वायरने जातो. वायर शोध, माणूस सापडेल. मी टॉर्च घेऊन बॅटरीच्या पेटीत डोकं घातलं. मोठ्या केबलच्या मागे, तिच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली दडलेली एक पातळ लाल वायर होती. फ्यूजबॉक्सला न जाता ती थेट बॅटरीवर बसवलेली. म्हणून आठ फ्यूज काढूनही काही फरक पडला नव्हता. चिमटा तिच्यावर लावला. पाऊण. वर. खाली.

वायर बिछान्याच्या कडेने लाकडी पॅनेलच्या मागे जात होती. पॅनेलचे चार स्क्रू मी काढले. आत उशीच्या उंचीवर सॉकेटची रिकामी चौकट होती, आणि चौकटीत ती वायर. टोक कापलेलं. त्यावर काळी टेप गुंडाळलेली, टेपवर धूळ. कशालाही जोडलेली नव्हती.

मी टेप सोलली. तांब्याची टोकं एकमेकांपासून बोटभर लांब. मधे नुसती हवा.

"आकडा?" मी विचारलं. मीटर काकूंच्या हातात होता.

"एक," काकू म्हणाल्या. "आता कमी होतोय... अर्धा."

आणि मग वास आला. धुतलेल्या रबराचा, साबणाचा, आणि त्याखाली कुणाच्या तरी गरम श्वासाचा. काकांनी नकळत स्वतःच्या नाकाला हात लावला. मास्कचा तो वास ते रोज रात्री घेत होते.

मी शहाणी असते तर तिथेच थांबले असते. पण हाताला सवय असते. चोर सापडला की तोडायचा. मी पाना लावला, नट सैल केला आणि ती लाल वायर बॅटरीवरून उचलली.

मीटर शून्य.

गाडीत एकदम शांतता झाली. आधीही शांतताच होती असं आम्हाला वाटत होतं. पण आता कळलं, की इतका वेळ काहीतरी चालू होतं आणि ते आत्ता थांबलंय. बिछान्यावरची गादी, माझ्या कोपराजवळ, किंचित दबलेली होती. मघाशीही होती का... मला आठवेना.

मग त्या गादीवरून आवाज आला. घशात अडकलेला. एकदाच. आणि गाडी स्प्रिंगांवर हलली, झोपेत कुणी कूस बदलायला जावं आणि जमू नये, तशी.

काकूंच्या हातून मीटर खाली गेला. त्यांचे ओठ हलत होते. मला आधी वाटलं, त्या देवाचं नाव घेतायत. त्या मोजत होत्या.

"सहा... सात... आठ..."

"शुभा," काका म्हणाले.

"किम्बर्ली, जोड ते. आधी जोड. नऊ..."

माझ्या हातातून नट निसटून पेटीत गेला. मी बोटांनी चाचपत राहिले. ॲसिडच्या ओलीत बोटं चुरचुरत होती. काकू मोजत होत्या. त्यांचा आवाज चढत नव्हता, हेच जास्त भयंकर होतं. बारा. तेरा. नट सापडेना. शेवटी मी वायर नुसती हाताने टर्मिनलवर दाबून धरली.

खोल, लांब, ओला श्वास आत गेला. माझ्या कानाजवळून.

मग सुटला. मग परत आत. काका टॉर्च धरून होते, मी नट शोधून बसवला, घट्ट केला. काकू त्या रिकाम्या बिछान्याच्या कडेवर टेकल्या, उशी सारखी केली आणि म्हणाल्या, "झोपा. आहे लाइन."

त्यांनी हे अशा आवाजात म्हटलं, की माझी भीतीच गेली. पूर्ण नाही. पण पेटीवरची फळी मी नीट बसवली.

बाहेर येऊन आम्ही धोंडूचा गार झालेला चहा प्यायलो. काकांनी गाडी ज्यांच्याकडून घेतली त्यांना फोन लावला, स्पीकरवर. शर्मिष्ठा नाव, बोरिवलीला राहते. गाडी तिच्या वडिलांची, श्यामकांत यांची. त्यांनी स्वतः बांधून घेतलेली. त्यांनाही तोच आजार होता. गेल्या वर्षी दुपारचे गाडीत झोपले होते, घराच्या खालीच. लाइट गेली, बॅटरी जुनी झाली होती, मशीन थांबलं. ते उठलेच नाहीत.

"ती लाल वायर," काकांनी विचारलं, "उशीजवळची. ती कुणी कापली?"

"मीच कापली," शर्मिष्ठा म्हणाली. "बाबा गेल्यावरही गाडीतून मशीनचा आवाज यायचा. मशीन तर मी दान केलं होतं. म्हणून वायरच कापून टाकली." मग तिने विचारलं, "अजून चालू आहे का?"

काकूंनी गाडीच्या मागच्या खिडकीकडे बघितलं.

"मी तुम्हाला सांगणार होते," ती म्हणाली. "पण काका, तुम्ही दोघं गाडी बघून इतके खूश झाला होतात."

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "विकूया. तू म्हणतेस तसं. सोमवारी जाहिरात देतो."

"कुणाला विकणार?" काकू म्हणाल्या. "जो घेईल तो पहिल्या आठवड्यात वायर तोडेल. ही मघाशी तोडत होती तशी."

"मग?"

"मग काय. तुमचं मशीन एका बॅटरीवर, त्यांचं दुसऱ्या. किम्बर्ली, होईल ना?"

मी बघतच राहिले. दुपारी गाडी विकायची धमकी देणारी बाई आता एका मेलेल्या माणसासाठी वेगळ्या लाइनची सोय करायला सांगत होती.

"होईल," मी म्हणाले. "दिवसाला अठरा म्हणजे छोटी बॅटरी पुरेल. टपावर सोलरचं एक पॅनेल टाकते. तुमच्या बॅटरीशी संबंधच येणार नाही."

"आणि लाइन गेली तर?"

"बझर लावते. बॅटरी उतरायला लागली की ओरडेल. दोन्हींना लावते."

रविवारी सकाळी चर्चमधल्या मिसानंतर मी परत मुलुंडला गेले. पप्पांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "वायर केवढ्या जाडीची टाकतेस?" मी सांगितलं. म्हणाले, "एक नंबर वरची टाक. झोपलेल्या माणसाचा भरवसा नसतो." चार तास लागले. कापलेलं टोक मी साफ केलं, त्याला नवीन सॉकेट लावलं, रिकामंच. मीटर लावला. पाऊण, वर, खाली. काकूंनी त्या बिछान्यावर धुतलेली चादर घातली होती. धोंडू पंपरूमच्या दारातून बघत होता, आत काही आला नाही. पण निघताना त्याने गाडीच्या पुढच्या चाकापाशी नारळ फोडला, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मागच्या बिछान्याच्या खिडकीत ठेवला.

सोमवारी ते निघाले. मला रोज फोटो यायचे. गणपतीपुळे, देवगड, पुढे कारवार. काकांची झोप छान होत होती, बॅटरी सकाळीही साडेबारा व्होल्टच्या वर. काकूंचा एक मेसेज मी जपून ठेवलाय: "रात्री दोघं आळीपाळीने घोरतात. मी मधे. पण आता शांततेने जाग येत नाही." दिवाळीनंतर ते दुसऱ्यांदा गेले, मग जानेवारीत पार हंपीपर्यंत. कधी काही झालं नाही. खरं सांगायचं तर मीही हा प्रकार हसत हसत सांगायला लागले होते. पार्टीत, लग्नात. लोक म्हणायचे, भूत असावं तर असं, आपल्या लाइनवर आपलं राहणारं.

एप्रिलमध्ये ते गाडी सर्व्हिसिंगला चारकोपला घेऊन आले. राजस्थान करून आले होते, दोन महिन्यांची ट्रिप. दोघं काळवंडले होते आणि दहा वर्षांनी तरुण दिसत होते. गाडी गाळ्यात घेतली. काकांना समोरच्या टपरीवरचा चहा हवा होता, ते तिकडे गेले. काकू दारात उभ्या राहून मला उंटांच्या गोष्टी सांगत होत्या.

मोठी बॅटरी ठणठणीत होती. बाहेरची लाइन बरोबर. मी मागे गेले, फळी उचलली आणि सवयीने छोट्या बॅटरीच्या लाल वायरला चिमटा लावला. मला खरंतर त्या आकड्याला भेटायचंच होतं.

सव्वा अँपिअर.

मी चिमटा काढून परत लावला. तोच आकडा. मोठी लाट ओळखीची होती, सावकाश वर, सावकाश खाली. पण तिच्या अंगावर आणखी काहीतरी चालू होतं. लहान, भराभर. तीन, चार, पाच थरथरी, मोठ्या एका श्वासात. दोघांचा मेळ बसत नव्हता.

"काकू," मी आतूनच विचारलं, "ट्रिपमध्ये कुणाला गाडीत घेतलं होतं का? लिफ्ट वगैरे?"

"छे गं. आम्ही दोघंच. म्हणजे तिघं," त्या हसल्या. "का?"

"काही नाही. सहज."

"मी यांच्याकडे जाते. तुलाही चहा सांगते." त्यांच्या चपलांचा आवाज गाळ्याबाहेर गेला. रस्त्यापलीकडून काकांचं हसणं ऐकू आलं. बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं.

नीट बघावं म्हणून मी स्टूल पुढे ओढलं. त्याचा पाय पत्र्यावर करकरला.

मोठा श्वास तसाच चालू राहिला, वर, खाली. श्यामकांत गाढ झोपलेले होते. एवढ्या आवाजाने त्यांना जाग येणार नव्हती.

ती लहान थरथर मात्र जागच्या जागी थांबली.

मी हलले नाही. पंचवीस सेकंद, तीस सेकंद. मीटरवर एकच लाट. मग मी फळी खाली ठेवायला हात पुढे केला, आणि मीटरवर, अगदी हळूच, ती पुन्हा सुरू झाली. मी हात थांबवला. तीही थांबली.

दुसरं जे कोण होतं, ते झोपलेलं नव्हतं.